साडेतीन बोटं

पुंजाराम खैरे आमदार झाला, हे मी नाकारत नाही.
पण मला माहीत आहे तो
सातपूरच्या प्रेसशॉपमधला, पाच नंबरच्या मशीनवरचा.
चार नंबरला मी.
मशीनं बर्मिंगहॅमची, सेकंडहँड आलेली,
अंगावर ओतीव अक्षरं. ती आम्ही कधी वाचली नाहीत,
नुसती पुसली.

सेकंड शिफ्ट. गार्ड काढून ठेवलेला,
कारण गार्ड लावून तासाला चारशे नग निघत नाहीत.
रॅम खाली आला. आवाज रोजचाच.
मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.
पुंजाच म्हणाला, "सखाहरी, जरा मशीन बंद कर रे,"
जसं कुणी म्हणावं, दार लोट, डास येतात.

मी ते कॉटन वेस्टमध्ये उचललं.
ठेवायला काही नव्हतं, म्हणून भाकरीच्या डब्यात.
घरी सांगितलं, डबा हरवला.

ईएसआयच्या खाटेवर त्याने वकिलाकडून पुस्तक मागवलं,
नुकसानभरपाईचं, परिशिष्टासकट.
मधलं बोट, मुळापासून : बारा टक्के.
अनामिका, दोन पेरं : सहा.
"म्हणजे आपण शंभर टक्के होतो तर," म्हणाला,
आणि हसला, आणि हसतच राहिला,
शेवटी सिस्टर आली.

पपया नर्सरीच्या अलीकडे, गेटसमोर, स्टुलावर उभा राहून
घोषणेला वर जायचा तो हाच हात.
मूठ नीट वळायचीच नाही.
मधल्या फटीतून आभाळ दिसायचं.
आम्ही तीनशे जण त्या फटीकडे बघत एकशे सहा दिवस बसलो.
माझं घंगाळ भद्रकालीत गेलं,
मोटकरीचा मुलगा शाळेतून गेला,
मोटकरी दारूत.
आणि मॅनेजमेंटने सही केली :
दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम उतरणार नाही.
त्यानंतर आमच्या शॉपमध्ये एक नख गेलं नाही.
हे आधीच सांगून ठेवतो,
नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, सखाहरी जळतो.

मग नगरसेवक. मग पांढरी गाडी.
मग कंपनी उत्तराखंडला गेली
आणि तिच्या जागेवर लॉन्स झालं, लग्नाचं.
उद्घाटनाला तोच. कोनशिलेवर तोच.
मी जेवायला गेलो होतो. गुलाबजाम बरे होते.
प्रेसशॉप जिथे होतं तिथे हात धुवायची बेसिनं आहेत.
बरीच आहेत.

यंदा आयटीआय सिग्नलला फ्लेक्स लागला, वीस फुटी.
नमस्कार नाही, उजवा हात वर, पंजा उघडा, आशीर्वादासारखा.
मी स्कूटर बाजूला घेतली आणि मोजली.
पाच.
पुन्हा मोजली. मागचा रिक्षावाला म्हणाला, काका, हिरवा झाला.
कुणीतरी पोरगा, कॉम्प्युटरवर, अर्ध्या तासात.
बारा टक्के अधिक सहा टक्के.

प्रचाराला आला तेव्हा हात शालीत होता.
मी माझा पुढे केला. त्याला काढावा लागला.
तळव्यात ती जुनी पोकळी लागली, ऊबदार.
"कसा आहेस, सखाहरी?"
"फोटो छान आलाय," मी म्हणालो.
त्याने माझ्याकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, उशीर होतोय.
मत मी त्यालाच दिलं. का, ते विचारू नका.

निकालानंतर जावयाने तो फ्लेक्स उतरवून नेला,
निफाडला, कांद्याच्या चाळीवर टाकायला.
परवा गेलो होतो. दुपारी आत शिरलो,
वर बघितलं तर उन्हात कापड उजळलेलं
आणि छापलेला हात मागच्या बाजूने, उलटा.
उजव्याचा डावा झालेला.

डाव्याला तर पाचही होती त्याच्या.
पहिल्यापासून.

जावई म्हणाला, बाबा, बाहेर या, आत उग्र वास आहे,
डोळ्यांना पाणी येतं.